ङिआचा प्रश्न

बालवाडीच्या तक्त्यात ज्याच्यापुढे चित्र नव्हतं
त्या अक्षराचं पुढं काय झालं, ते मला रुवैसमध्ये कळलं.
ङ वरून ङिआ.
व्हिएतनामचा वेल्डर, खोली एकोणीस.
नावाचा अर्थच 'अर्थ', हे त्यानंच सांगितलं
मेसच्या टेबलावरची डाळ पुसता पुसता.

शुक्रवारी नमाज सुटली की मी चौघांना इंग्रजी शिकवतो.
एरवी टाइमकीपर. कोण कधी आत, कोण कधी बाहेर.
त्यानं नोटीस बोर्डाचा फोटो पुढे केला,
पगाराच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दावर बोट:
सून. म्हणजे कधी?

मला आधी हसूच फुटलं.
आमच्याकडे सून माप ओलांडून येते,
आणि येते ती तारीख ठरवून.

मग कव्हर गेलेला कोश उघडला.
हजार वर्षांपूर्वी हा शब्द 'सोना' होता,
आणि त्याचा अर्थ होता आत्ता. या क्षणी. उभ्या उभ्या.
माणसं 'सोना' म्हणत राहिली आणि बसून राहिली,
चुलीवरचं उतू गेलं, दारातला परत गेला,
शब्द झिजत झिजत
'होईल की' इतकाच उरला.
कुणी ठरवून नाही बदलला.
'आलोच' म्हणून न आलेल्यांनी बदलला.

ङिआ म्हणाला, आमच्यात दोन आहेत.
एक 'साप'
(मी पाय वर घेतले, तो हसला)
म्हणजे घडायला अगदी टेकलेलं,
विमानानं धावपट्टीवर तोंड वळवलंय, तसं.
दुसरा 'सम', आवाज वर चढवत म्हणायचा:
लवकर. आणि भल्या पहाटेलाही तोच.
बोर्डावरचा यातला कुठला?

माझ्याकडे साडेतीनशे माणसांच्या मिनिटांचा हिशेब असतो.
हे मात्र सांगता येईना.

रात्री फोनवर मुलगी म्हणाली, बाबा, कधी?
जीभ सवयीनं 'लवकरच'कडे वळली.
त्या शेवटच्या 'च'वर मी अकरा वर्षं काढलीत.
'माहीत नाही गं,' म्हणालो.
मग बराच वेळ
तिच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.

पुढच्या शुक्रवारी ङिआची वही तपासली.
'सून'पुढे अर्थ लिहिला नव्हता, चित्र काढलं होतं:
हिशेब खात्याची खिडकी, शटर अर्ध्यावर.
खाली येतंय की वर जातंय,
मी विचारलं नाही.
बरोबरची खूण केली.