दीड बार

दुकानात तीन कॉम्प्रेसर मांडलेले.
तानेली म्हणाला, ऐमो, आकडे राहू देत, आधी कान लावा.

पहिला मुठीएवढा, टाकीच नाही.
हवा येते ती उचक्या लागल्यासारखी,
आणि प्रत्येक उचकीचा रंगात ठिपका पडणार.
स्वस्त आहे.

दुसरा लाल, चाकांचा, गॅरेजवाल्यांचा.
टायर भरा, खिळे ठोका.
सुरू होताच काउंटरवरच्या रंगाच्या बाटल्या नाचायला लागल्या
आणि मला आमच्या वरची हिबो आठवली,
रात्रपाळी संपवून सकाळी आठला निजणारी नर्स.
आमच्या इमारतीत शिंकलं
तर तिसऱ्या मजल्यावरून औषध सुचवतात.

तिसरा काळा. पोटाशी तीन लिटरची टाकी,
भरली की आपला आपण गप्प होतो.
तानेली डेसिबल वाचत राहिला,
मी वाकून टाकीचं बूड चाचपत होतो.
काय हरवलं?
पाणी सोडायची चावी.

तुला नाही कळायचं, पोरा.
एकतीस वर्षं मालगाडी थांबवली ती हवेच्या भरवशावर,
मागे चाळीस डबे लाकूड, नळीत पाच बार.
हवा दाबली की तिला घाम फुटतो,
आणि कोउवोलाच्या यार्डात उणे तीसला
तो घाम आतच गोठतो.
एका जानेवारीत वाल्तोनेन म्हणाला,
पाणी उद्या सोडू, आज बोटं चालत नाहीत.
गाडी थांबली त्याची.
थांबायची होती तिथे नाही.
मेलं कुणी नाही,
पण तो पुन्हा इंजिनावर चढला नाही
आणि आम्ही कुणी त्याला चढ म्हणालो नाही.

तिसराच घेतला.
वर पाणी गाळणारं भांडं, दाबाचा काटा, विणलेली नळी.
पेन्शनचा चांगलाच लचका तुटला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरलं,
काटा फिरवला. दीड.
पाच बारवर जन्म काढलेल्याला
दीड बार म्हणजे गरम सुपावरची फुंकर.
तळहातावरच्या इंजिनावर लाल रंग बसत गेला,
इतका पातळ की आधी वाटलं, बसतच नाहीये.
वरून टकटक आली नाही.

काम आटपून चावी सैल केली.
सुस्कारा,
आणि बशीत तीन थेंब.
घरात बावीस अंश होते,
इथे काही गोठणार नव्हतं.
तरी चावी पुन्हा आवळली,
ओढून पाहिली,
आणि वहीत वेळ लिहिली:
एकोणीस वाजून चाळीस. पाणी सोडलं.