डाव्या पायाला काम नाही

मुकादमशेठनी नवी पिकअप आणली
तर आत दोनच पेडल.
मी वाकून पाहिलं, मॅटखाली चाचपलं,
जितू तोंडावर हात धरून हसत राहिला.

एकतीस वर्षं हा पाय
हर्णै ते दापोली क्लच दाबत आलाय.
गुडघ्याची वाटी झिजली,
पोटरी उजवीपेक्षा दीड बोट जाड.
त्याला आता सांगायचं कसं,
की बाबा, तू नुसता बस.

पहिले आठ दिवस ऐकेना.
आसूदच्या वळणावर आपसूक उठायचा
आणि रुंद ब्रेकवर धाडकन पडायचा.
मागचा बर्फ, सौंदाळे, पापलेट
सगळं एकदम केबिनच्या पाठीवर.

उज्मा, शेठची पुतणी,
रत्नागिरीला डिप्लोमा केलेली, नखांत ग्रीस,
म्हणाली, काका, आत काय चालतं ते बघा तरी.
बाकावर एक गिअरबॉक्स उघडा पडला होता,
साफ केलेल्या सुरमईसारखा.

इंजिन एक पंखा फिरवतं. समोर दुसरा.
लोखंड लोखंडाला शिवत नाही,
मध्ये फक्त तेल.
पहिला फेकतो, दुसरा अंगावर घेतो आणि वळतो,
माघारी येणारं तेल तिसरा अडवतो,
दिशा बदलून पुन्हा कामाला लावतो.
म्हणून अडलेल्या जागी जोर जवळजवळ दुप्पट.

तेलावर भरवसा? मी म्हटलं.
निसटणार नाही का?
ती म्हणाली, वेग जमला की दोन्ही पंखे
एकमेकांना घट्ट धरतात,
आतला क्लच आपला आपण लागतो.
क्लच, म्हणाली ती.
माझा पाय बाकाखाली हलला.

पुढे तिनं दात असलेला सूर्य दाखवला,
भोवती तीन ग्रह, बाहेर कडं.
कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं,
एवढ्यावर सगळे गिअर.
खरंच हीच नावं आहेत, काका, शपथ.
मी विचारलं, यात शनी कुठला?
ती म्हणाली, गरम तेल.

मेच्या शेवटाला आंजर्ल्याच्या खाडीतून
शेठची होडी वर ओढायची होती.
धक्क्याच्या उतारावर शेवाळ,
ट्रेलरची चाकं पाण्यात.
गेल्या साली इथेच जुन्या ट्रकचा क्लच जळला,
तीन दिवस वास माझ्या शर्टात होता.

खालचा गिअर. ॲक्सिलरेटर हळू.
इंजिन घोगरं झालं आणि गाडी जागची हलेना,
पुढे नाही, मागे नाही.
आत तेल तेलाला ढकलत असणार.
जितू ओरडला, बंद पडली!
पडली नव्हती.
भरतीचं पाणी होडीला उचलतं
आणि कधी उचललं ते कळत नाही, तशी निघाली.
हिसका नाही. होडीतला पाण्याचा तांब्यासुद्धा
कलंडला नाही.

वर आल्यावर काटा लालाशेजारी.
न्यूट्रलमध्ये पाच मिनिटं थांबलो, सांगितल्याप्रमाणे.
गॅरेजात उज्मानं पट्टी ओढून फडक्याला पुसली.
ताज्या आगळाचा रंग, म्हणाली, ठीक आहे.
जुन्या आमसुलावर गेला तर मला हाक मारा.

दापोलीचा चढ, मागे दीड टन,
तरी कधी कधी तिची द्विधा होते.
तिसरा, चौथा, परत तिसरा,
लग्नात कुठे बसावं कळत नसल्यासारखी.
तेव्हा मी ओझ्याचं बटण दाबतो, ती मुकाट तिसरा धरते.
उतारालाही इंजिनच आवरतं,
ब्रेक तापत नाहीत.
एवढं मी आता मान्य करतो.

जितूला दोन दिवसांत जमली.
त्याच्या पायाला विसरायचं काही नव्हतंच.

शुक्रवारी शेठच्या होड्या जात नाहीत.
शेडमागे जुना ट्रक उभा आहे, टायर बसलेले,
बॅटरी कुणीतरी काढून नेली.
मी चढून बसतो. क्लच दाबतो.
सोडतो.
स्प्रिंग अजून ढकलते.