नोंद क्रमांक ११४७

फोटोखाली मीच टंकलं होतं:
लाकडी वस्तू. लांब दांडा, चपटं तोंड. उपयोग अज्ञात.
हे 'अज्ञात' जुन्या वहीतून आलं,
त्या वहीत तिच्याही आधीच्या वहीतून,
पोर्तुगीज अक्षरांत, तपकिरी पडलेल्या शाईत.

मग फोटो जाणत्यांपुढे ठेवला.
लिस्बनच्या बाईंनी कळवलं: वल्हं,
खाडीतल्या होडीचं, काळ अंदाजे.
धारवाडच्या सरांना होमातली पळी दिसली
(एवढी मोठी आहुती कोण देतं, सर?).
सांत इस्तेव्हचा पदेर कायतान म्हणाला,
ही आमच्या भट्टीतली, पाव ओढायची,
पपाय शोधत होते मरेपर्यंत. परत कधी देता?

प्रत्येक मतापुढे रकाना आहे, 'पात्रता'.
त्यावरून यंत्र ठरवतं कुणाचं किती ऐकायचं.
बाईंना दहातले नऊ. सरांना आठ.
कायतानला तीन.

आगरवाड्याच्या सगुण बागलींनी मत भरलंच नाही.
नातीच्या मोबाइलवर फोटो बघून सरळ फोन लावला.
"डावी कड जास्त झिजल्या?"
हो.
"जीब लावन बघ."

शनिवार होता. रायबंदरच्या गोदामात
आर्द्रतेचं यंत्र तेवढं घरघरत होतं.
हातमोज्यांशिवाय शिवू नये, असं दारावर लिहिलंय;
जिभेबद्दल काही लिहिलेलं नाही.
आधी धूळ. मग वाळवीच्या औषधाचा कडवटपणा.
मग बऱ्याच वेळानं, लाकडाच्या आतून आल्यासारखं,
मीठ.

पण खार तर वल्ह्यालाही लागतो, मी म्हटलं.
ते हसले. मागे कोंबडा ओरडत होता.
"वल्ह्याचो खार तोंडाकच ऱ्हवता.
मीठ ओढणाऱ्याचो हाताक.
दांड्याक लाव."

दांड्यावर चार बोटांची पन्हाळ पडलेली.
तिथं मी ओठ टेकले
आणि कुणाची तरी उन्हातली दुपार
माझ्या तोंडात आली.

पात्रता: चौथी. मिठागरावर एक्केचाळीस वर्षं.
आगर आता पाण्याखाली, बांध कुणी बांधत नाही.
आधार: (यादीतून निवडा) ग्रंथ, दस्त, तज्ज्ञ.
मी 'तज्ज्ञ' निवडलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे?

कायतानचा फोन अजून येतो.
त्याला सांगितलंय, शोधतेय.
वल्हं म्हणून नोंदलेल्या अजून बावीस वस्तू आहेत.