दिवे मालवून

ओउलू, जानेवारी.
उजेड इथे चार तासांचा पाहुणा.
"दिवे मालव," मी हेल्काला म्हणते, "सगळे.
ओट्यावरचासुद्धा."
वेर्ट्टी कुरकुरतो; दिवे त्यानेच निवडलेले.

ट्रायपॉड गुडघ्याइतका.
खुर्ची चार बोटं डावीकडे. नको, होती तिथेच.
मग नुसतं उभं राहायचं,
दूध उतू जायच्या आधी राहतो तसं.

दीडला ऊन बर्फावरून उसळलं,
खालून वर, छताला लागलं,
आणि कोऱ्या काचेवर उमटला पंजा.
कुणा सुताराचा असेल. करंगळी अर्धीच.

"पूस," वेर्ट्टी.
हेल्काने काचेवर वाफ सोडली, पुसलं.

ऊन आता सरळ आत,
कशालाच न अडखळता.
खोली अगदी नकाशात होती तशी.
मी क्लिक केलं.

हातमोजे चढवताना
उगाच बोटं मोजली.