उपाशी ओळ

जालन्याच्या बियाणे कंपनीत एकवीस वर्षं
मी ओल्या कागदावर सरकी मोजली.
शंभर दाणे, कागदाची गुंडाळी, पेटीत उभी.
चौथ्या दिवशी उघडायची, बाराव्या दिवशी पुन्हा.
मोड आलेले इकडं, कुजलेले तिकडं.
चिमटा कधी थरथरला नाही.

तळपायाला काळा ठिपका आला तेव्हा वाटलं,
पऱ्हाटीचा जुना खुंट रुतला असंल.
नणंदेनं बिब्ब्याचा चटका दिला.
ठिपका बिब्ब्याहून काळा झाला.
मग अंगठा गेला, मग जांघेत गाठ,
मग फोटोत, फुप्फुसावर,
हातानं पेरल्यासारखे दाणे.

संभाजीनगरला सोनटक्के डॉक्टरबाई म्हणाल्या,
"चाचणी आहे, गयाबाई.
गाठीत तुमचेच सैनिक शिरलेत. थोडे आहेत, दमलेत.
ते काढू, बाहेर कोटींनी वाढवू,
परत तुमच्यातच सोडू."
सैनिक मला कळत नाहीत. आमच्यात कुणी फौजेत नाही.
विचारलं, "म्हणजे घरचंच बियाणं?"
बाई थांबल्या. "हो. घरचंच."
"आन् रान?"
"रान आधी मोकळं करावं लागेल. जड औषध. केस जातील."
वखरपाळी, मी मनात म्हटलं.

अठरा पानांचा कागद. नवव्या पानावर बोट अडलं:
निम्म्यांना हे, निम्म्यांना नेहमीचं औषध,
कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार.
हे मला माहीत होतं.
प्लॉटवर एक ओळ असायची,
नवं खत तिला नाही, नवी फवारणी नाही.
आम्ही बाया तिला उपाशी ओळ म्हणायचो.
खुरपायचो मात्र तितकंच, जरा जास्तच.
साहेब म्हणायचे, हिच्यावाचून बाकीच्या ओळी
खरं बोलत्यात का खोटं, कळत नाही.

ओळीला कुणी विचारलं नव्हतं.
मला विचारत होते.

"शंभरात किती उगवत्यात?"
बाईंनी आकडा सांगितला. लपवला नाही.
एवढ्या उगवणीच्या गोणीवर
मी लाल शिक्का मारला असता,
दुपारच्या चहाच्या आधी.
सही केली. गया किसन दांडगे.
वरची रेघ सरळ आली.

हमीदाबी भोकरदनची. तिच्या टाचेवर तसाच डाग.
एकाच दिवशी दोघींची नावं गेली.
मला पेशी आल्या, तिला नेहमीचं.
माझ्याच्यानं बोलवंना.
ओळीची गोष्ट मी तिला आधीच सांगून बसले होते,
नव्हती सांगायची.
तीच म्हणाली, "कामून तोंड पाडती?
माझ्यावाचून तुझं खरं कोण धरंल?"
आणि डब्यातली चटणी माझ्या भाकरीवर वाढली.

तेवीस दिवसांनी थंड पेटीतून पिशवी आली.
ताकाच्या निवळीसारखं ढगाळ पाणी.
त्यावर नाव नाही, नुसता नंबर.
लॉट नंबर, म्हणते मी.
पाऊण तासात उतरलं सगळं अंगात.
रात्री अशी हुडहुडी भरली की
पलंगाचे नट वाजायला लागले,
नर्स दोन घोंगड्या घेऊन पळत आली.

आठ आठवडे. पुन्हा फोटो.
बाई पडद्याकडं बराच वेळ बघत बसल्या.
"वाढलेलं नाही. कमीही नाही. थांबू आपण."
माझा भाऊ दारापर्यंत विचारत राहिला,
म्हणजे काय, म्हणजे काय.
आमच्या नोंदवहीत एक रकाना होता,
नव्या पोरी हमखास चुकायच्या त्यात:
मेलेलं नाही, उगवलेलं नाही,
बाराव्या दिवशीही ताजंच.
ते फेकायचं नसतं. वेगळं मोजायचं.

बदनापूर मागं पडलं तेव्हा हमीदाबीला फोन लावला.
तिचा फोटो सोमवारी आहे.
"माझ्याआधी तू मोज," ती म्हणाली, आणि हसली,
का खोकली, गाडीच्या आवाजात कळलं नाही.

डाव्या बुटाच्या टोकाला, अंगठ्याच्या जागी,
मी कापूस भरलाय.
सरकी काढून.