निचरा

पाच किलोची वीट मांडीवर घेऊन रिक्षाने आले.
कपड्यांच्या टबात टाकली, वरून बादल्या ओतल्या,
तासाभरात फुगून ती टबाबाहेर.
हसुराम खुर्चीतून म्हणाला, "माती नव्हे ही.
हिच्या पोटात दाणा नाही.
तू घालशील तेवढंच."

एकतीस वर्षं चेंबूरच्या कारखान्यात त्याने खताच्या गोण्या शिवल्या,
एकोणीस-एकोणीस-एकोणीस.
शर्टाच्या शिवणीत पांढरी पूड यायची घरी,
मी ती झाडून तुळशीला घालायचे.
तुळस दोनदा मेली.

"दाणा नाही, पण मीठ आहे.
नारळ खारपट्टीतला, सालीत मीठ घेऊनच येतो,
आपल्या माहुलच्या माणसांसारखा."
तीनदा धुतलं. मीटर बुडवला:
एक पूर्णांक नऊ, मग एक पूर्णांक एक, मग शून्य पूर्णांक सहा.
रात्रभर कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात ठेवलं.
पंगतीत यजमान पोरांना उठवून व्याह्यांना बसवतो ना,
तसं कॅल्शियम बसतं,
पोटॅशियम ताटावरून उठतं.
सकाळी ते पाणी मोरीत.

बटाट्याचं पाणीही त्याच मोरीत जातं.
बारीक चिरायचे, दोन तास भिजवायचे, पाणी फेकायचं,
पुन्हा भिजवायचे, पुन्हा फेकायचं.
उरतो तो बटाट्याचा आकार.
हसुराम तो जेवतो, आणि जेवताना
कॅल्शियमचीच गोळी, घासाबरोबर.

सोम, बुध, शनि. घाटकोपरला, ट्रस्टच्या सेंटरमध्ये, चार तास.

ग्रिलमध्ये सहा कुंड्या. टोमॅटो.
रोज सकाळी पाणी आलं की बादली भरते,
ए बाटलीतलं आधी, ढवळून मग बी,
दोन्ही नुसती एकत्र केली तर दुधासारखी फाटतात.
मग लिंबाचं सत्व, चिमटी-चिमटीने,
मीटर पाच पूर्णांक आठ दाखवेपर्यंत.
त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. पोटॅशियम: पाच पूर्णांक आठ.
डॉक्टरीणबाईंनी लाल पेनने गोल केला,
कागद फाटेल इतका.
मी म्हटलं, आकडा तर चांगला आहे.
मग आठवलं, मी कुठल्या बादलीपाशी उभी नाही.

जुलैत खालची पानं पिवळी पडली.
मी पान तोडून त्याच्या हातात दिलं.
त्याने उजेडात धरलं, बराच वेळ.
"शिरा हिरव्या, मधलं पिवळं. मॅग्नेशियम.
झाड जुनी पानं आधी मोडून खातं, कोवळ्यांसाठी."
पान परत दिलं नाही. बोटांत फिरवत राहिला.

आणि निचरा. हे त्याने मला तीनदा सांगितलं:
जेवढं घालशील, त्याचा पाचवा हिस्सा खालून गेलाच पाहिजे.
थांबला की मीठ साठतं, मुळं जळतात.
खालच्या ताटलीत पाणी ठेवू नकोस.
सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.
गेल्या दिवाळीपासून
त्याचं स्वतःचं खालून काही जात नाही.

फुलं आली तेव्हा झाडाने पोटॅशियम मागितलं.
मागणारच.
मी बाटली हातात घेऊन उभी राहिले
आणि माप ओतलं. त्याच्यासमोर.
तो म्हणाला, "कमी घालू नकोस हां,
माझ्यामुळे."

अठ्ठावीस टोमॅटो झाले.
वरच्या मजल्यावरच्या फरझानाला सहा, वॉचमनला चार,
सेंटरमधल्या जिन्सीसिस्टरला पिशवीभर.
तिने विचारलं, तुम्ही घरी करता काय ह्यांचं?
मी म्हटलं, करते ना.

शनिवारी सुई काढून आलो की तो ग्रिलपाशी बसतो,
टोमॅटोचं पान अंगठ्यावर चोळतो
आणि अंगठा नाकाशी धरतो.
तो वास मोजायला मीटर नाही.
मी टबात नवी वीट घालते. पाणी सुटतं, तांबडं.
"किती?" तो विचारतो.
"दोन पूर्णांक दोन."
"धू अजून."