बारदान वजा

एकाच आठवड्यात दोन पत्रं आली.
एक पुण्याचं, सतरा पानी,
माझं नाव त्यात चौदा वेळा,
शेवटच्या पानावर श्रावस्ती 'कांबले'.
दुसरं शंभर फुटी रोडवरच्या आवटी सरांचं,
व्हॉट्सॲपवर:
सोमवारपासून ये. बावीस हजार.
डबा आण, खाली फक्त भडंग मिळतं.

पुण्याच्या मॅडमना मी विचारलं होतं,
काम काय असेल?
छान हसल्या. ते प्रोजेक्टवर अवलंबून.
प्रोजेक्ट कशावर अवलंबून, हे विचारवलं नाही,
माझा कॅमेरा चालू होता.

पूर्वी यार्डात हळदीचा भाव
रुमालाखाली बोटं धरून ठरायचा, आप्पा सांगतात.
वर तोंडं कोरी, खाली खरा आकडा.
मला त्या मॅडमची बोटं धरून
रुमालाखाली एवढंच विचारायचं होतं:
तुमची धाकटी बहीण असती तर?

आवटी सरांनी प्रश्न विचारलेच नाहीत.
एका गोदामाची चुरगळलेली काटापावती पुढ्यात ठेवली.
"ही चुकतीय. कुठं ते बघ, मी चहा पिऊन येतो."
दोन तास पंखा, जुना कोड,
सोडून गेलेल्या कुणाच्या तरी
कॉमेंटमध्ये लिहिलेल्या शिव्या,
आणि एकशे ब्याऐंशीव्या ओळीत ते दिसलं:
बारदान दोनदा वजा होत होतं.
एकदा काट्यावर, एकदा कोडमध्ये.
पोत्यामागं किलोभर हळद हवेत.

रात्री आप्पांसमोर दोन्ही पगार मांडले.
सत्तावीस वर्षं तोलाईदार माणूस,
आकडा ऐकून चेहरा हलत नाही.
"आदी काटा शून्यावर आण. मग माल ठेव."

म्हणून वही घेतली.
एकोणतीस हजार, वजा वाकडची खोली,
वजा मेस, वजा बस.
दोन वर्षांचा बाँड, तोडला तर लाख रुपये:
हे बारदान धरायचं की माल?
बेंचवर नुसतं बसण्याचे महिने किलोत किती?
आणि निळ्या फितीतलं ते ओळखपत्र,
आईनं मनातल्या मनात
कधीच शेजारी दाखवून आणलेलं.
ते काही मला वजा करता येईना.

दुसऱ्या पानावर आवटी सर.
चार माणसं, एक संडास, त्याची किल्ली खालच्या दुकानात.
पीएफ 'बघू पुढं'.
टेबलावर बीपीच्या गोळ्या;
सरांना काही झालं की कंपनीला झालं.

प्रज्ञेशदादा हिंजवडीहून फोनवर:
"पहिल्या नोकरीत काम नाही बघायचं, नाव बघायचं.
नावानं पुढची दारं उघडतात."
तू काय करतोस रे तिथं?
जरा वेळ गप्प.
"एक बटण आहे. म्हणजे, त्या बटणाचं सगळं."
हसला. मीही हसले.
पण त्याच बटणावर कुपवाडात
त्यानं दोन खोल्या बांधल्यात,
हे मी हसताना विसरले नव्हते.

मग आप्पांना ती पावती दाखवली, सहजच.
चष्मा लावून बघितली, दोनदा.
त्यांच्याच गोदामाची निघाली.
दोन वर्षं हा माणूस सांगत होता,
कागद कमी दाखवतोय,
आणि मुनीम म्हणायचे, कांबळे, डोळे तपासा.
डोळे तपासले होते त्यांनी. सहाशे रुपये देऊन.

म्हणून नाही निवडली मी ही नोकरी.
किंवा म्हणूनही असेल.
खरं सांगायचं तर ती ओळ सापडली तेव्हा
दोन तासांत मी एकदाही फोन बघितला नव्हता,
आणि असं माझं आधी कधी झालं नव्हतं.

रविवारी पुण्याला नकार कळवला.
मिनिटात उत्तर आलं, आपोआप जाणारं,
पुन्हा 'कांबले'.

सोमवारी ती ओळ खोडली.
तिसऱ्या प्रहरी गोदामात नवी पावती निघाली.
आप्पांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली,
"घ्या पुढचं पोतं," हमालांना म्हणाले.

डबा घरीच राहिला होता.
खाली उतरून दहा रुपयांचं भडंग खाल्लं.
तिखट होतं.